मिशीकाका आणि पाच वर्षांची चमक

गाडी नीट चमकली की नाही हे सांगणारं एक यंत्र आमच्या वर्कशॉपात आहे. बॉनेटवर टेकवलं की आकडा दाखवतं. गेली दोन वर्षं ते कपाटावर पडून आहे, कारण त्याचा चार्जर हरवलाय आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही. आमच्याकडे गाडी पास करतात मिशीकाका. पॉलिश झालं की ते बॉनेटवर वाकतात आणि त्यात स्वतःची मिशी बघतात. मिशीतले पांढरे केस एकेक करून मोजता आले तर फडकं खांद्यावर टाकतात. नाही आले तर पुन्हा मशीन सुरू, मग बाहेर गाडीवाला तासभर येरझाऱ्या घालत असला तरी चालेल.

मी काउंटरवर बसते. गाड्यांची कार्डं लिहिते, फोन घेते आणि मालकांच्या मते गरजेपेक्षा जास्त बोलते. त्यामुळे हे सांगायचं काम माझ्याकडेच येणार होतं.

काका इथे तीस वर्षं आहेत. पहिली सहा वर्षं धुलाईला होते. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून त्यांच्या बोटांना अशा भेगा पडल्या होत्या की शर्टाची बटणं त्यांच्या बायकोला लावून द्यावी लागायची. मग मालकांच्या वडिलांनी त्यांना पॉलिशला घेतलं, हात सुधारले आणि हळूहळू त्या हातांना डोळे फुटले. पत्र्यावर नुसती बोटं फिरवून ते सांगतात, इथे पूर्वी ठोकलीय, इथे रंग दुसऱ्यांदा मारलाय, इथे कोणीतरी अंग घासून गेलंय. गाडीचा मालक तोंडात बोट घालतो आणि मग बायकोकडे संशयाने बघतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ग्राफीन अवतरलं. बाटली अंगठ्याएवढी, डबा चपलांच्या खोक्याएवढा. जगातला सगळ्यात मजबूत पदार्थ म्हणे. तो रंगावर लावायचा की पाच वर्षं बघायला नको. ऊन लागत नाही, डाग पडत नाहीत, ओरखडा उठत नाही, चिखल आपणहून माफी मागून निघून जातो. बाटली लावायला प्रमाणित हात लागतात, म्हणून मालकांचा मेहुणा दोन दिवसांचा कोर्स करून आला. त्यातला एक दिवस जेवणात आणि फोटो काढण्यात गेला, हे त्याने स्वतःच सांगितलं. कागद फ्रेम करून माझ्या डोक्यावर टांगला. तेव्हापासून आम्ही त्याला सर्टिफिकेट म्हणतो.

काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, बाटलीत ते ग्राफीन नेमकं आहे किती? तंत्रज्ञान गोपनीय असतं, असं सर्टिफिकेट म्हणाला. म्हणजे चिमूटभर, असं म्हणून काका कामाला लागले. मला मागून त्यांनी सांगितलं की आधी मेण होतं, मग टेफ्लॉन आलं, मग सिरॅमिक आलं, दर वेळी भिंतीवरचं पोस्टर बदललं आणि घासणारा तोच राहिला. ते खरंच होतं. गाडी आली की काका ती दोन-तीन दिवस धुणार, मातीच्या वडीने रंगात रुतलेला धुळीचा कण न् कण खेचून काढणार, मशीनने बारीक ओरखडे उतरवणार. मग सर्टिफिकेट हातमोजे घालून येणार, चाळीस मिनिटांत बाटली फासणार आणि गाडीशेजारी उभा राहून फोटो काढून घेणार. लोक म्हणणार, वा, काय ग्राफीन आहे.

मालकांनी स्वतःच्या गाडीलाही लावून घेतलं. पंधराव्या दिवशी एका कबुतराने छतावर आपलं मत नोंदवलं आणि त्याचा ठसा कायमचा उमटला. कंपनीला फोन केला तर म्हणे पुस्तिका वाचा, पान नऊ, पक्ष्याची घाण तातडीने पुसणे ही ग्राहकाची जबाबदारी. चावीचा ओरखडा उठला तर तेही पान नऊच. त्या पानावर बरंच काही होतं.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक बाटलीच्या डब्यावर नंबरचं स्टिकर असतं. बाटली लावून झाली की ते वॉरंटी कार्डावर चिकटवायचं, असा नियम. एका गुरुवारी मला घरी लवकर जायचं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची गाडी होती, काकांनी पॉलिश संपवलं होतं, सर्टिफिकेट यायचा होता. मी शहाणपणा केला. स्टिकर आधीच कार्डावर चिकटवलं आणि बाटली ट्रेमध्ये ठेवायची ती ठेवली माझ्या ड्रॉवरमध्ये. सर्टिफिकेट आला, कार्डावर स्टिकर पाहिलं, हिला आपण आधीच लावलंय असं समजला आणि गाडीशेजारी फोटो काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाई गाडी घेऊन गेल्या.

आठवड्याने स्टेपलरच्या पिना शोधताना ड्रॉवरमध्ये बाटली हाताला लागली. मी फक्त काकांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, बाईंना फुकट वॉशला बोलाव, मी नीट करून देतो. मी फोन केला. बाईंनी पुस्तिका उघडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. पान सात, पहिले काही आठवडे गाडी कुठेही धुवायची नाही, तुम्हाला तुमचे नियम माहीत नाहीत का, असं त्यांनी मलाच झापलं. नंतर त्या बहिणीकडे गेल्या, मग आल्या, मग मी घाबरले, मग मला फोन करायला वेळ मिळेना. घाबरलेल्या माणसाला वेळ कधीच मिळत नाही. बाटली ड्रॉवरमध्येच राहिली.

असं वर्ष गेलं. मग कंपनीने नवी बाटली काढली. हिला पॉलिशच लागत नाही म्हणे. गाडी धुवा, पुसा, फासा, दोन तासांत मोकळे. मालकांचा चेहरा पोस्टरसारखा उजळला. एक तारखेपासून पॉलिशचं दालन बंद करायचं, तिथे ग्राहकांसाठी सोफा आणि कॉफीचं मशीन ठेवायचं आणि काकांना पुन्हा धुलाईला पाठवायचं ठरलं. सोफ्याची ऑर्डरही गेली. काकांना हे मालकांनी नाही, सर्टिफिकेटने सांगितलं, तेही शिट्टी वाजवता वाजवता. त्या दिवशी काकांनी जेवणाचा डबा उघडला नाही. हाताकडे बघत बसले होते. छपन्नाव्या वर्षी पुन्हा त्या साबणात हात घालायचे. मला इतका राग आला की मी तीन गिऱ्हाइकांना चुकीची तारीख दिली.

महिनाअखेरीला कंपनीचे साहेब आले. त्याच दिवशी बाईंची वार्षिक तपासणी होती. ती मालकांनी मुद्दाम साहेबांना दाखवायलाच ठेवली होती, कारण वर्षानंतरही बाईंची गाडी आमच्याकडे आलेल्या गाड्यांत सगळ्यात देखणी होती. चार गिऱ्हाइकं बाकावर होती. मालकांनी सगळ्यांना गाडीभोवती उभं केलं आणि ही आपल्या ग्राफीनची कमाल म्हणून भाषण ठोकलं. काका मागे मशीनची वायर गुंडाळत होते. कायमची.

मग मालकांनी मग्यात पाणी घेतलं. ही त्यांची आवडती जादू. कोटिंगवर पाणी ओतलं की त्याचे गोल थेंब होतात आणि टणाटण घरंगळून जातात, गिऱ्हाइक लहान मुलासारखं खूश होतं. मालकांनी बॉनेटवर मगा उपडा केला.

पाणी पसरलं आणि तिथेच बसून राहिलं. कुठेही जायची त्याला घाई नव्हती.

मालकांनी दुसरा मगा ओतला. तेही पाणी पहिल्याला जाऊन मिळालं. बाकावरचा एक जण हसला. कंपनीच्या साहेबांनी मात्र डोळ्याची पापणी हलवली नाही. हा देखभालीचा दोष आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मॅडमनी चुकीचा साबण वापरलेला दिसतो, गाडी झाडाखाली लावलेली दिसते, नियम पाळले नाहीत की असं होतं, वॉरंटी रद्द.

बाईंनी पर्समधून एक वही काढली. त्यात वर्षभरातल्या सगळ्या धुलाया तारखेनिशी लिहिल्या होत्या. दोन बादल्या, पान चार. कंपनीचाच शाम्पू, पान पाच. पाणी टॉवेलने टिपणे, पान अकरा. साहेबांनी वही हातातही घेतली नाही. लिहायला काय, कोणीही काहीही लिहितं, म्हणाले. चाळीस वर्षं मुलांचं खोटं पकडलेल्या त्या बाई, चारचौघांत खोट्या ठरल्या. त्यांचा चेहरा पाहवेना.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. ग्राफीन वर्षात उडालं असं चार गिऱ्हाइकांसमोर सिद्ध झालंच होतं. नवी बाटली, सोफा, कॉफी, सगळं बोंबललं असतं. दालन वाचलं असतं आणि माझी नोकरीही. मी मनातल्या मनात त्यांना गप्प राहा म्हणत होते, हे मी लपवत नाही.

काकांनी वायर खाली ठेवली आणि पुढे आले.

"बाई खोटं बोलत नाहीत," ते म्हणाले. "या गाडीला कोटिंग लागलंच नाही. बाटली माझ्याकडून राहिली."

सर्टिफिकेट लगेच उसळला. प्रमाणपत्र नसताना यांनी बाटलीला हात लावलाच कसा, असं तो विचारू लागला. मालक लाल झाले. आणि काका खाली मान घालून उभे, ज्या माणसाला दोन वर्षांत ती बाटली कोणी धरूही दिली नव्हती तो माणूस. मला माझीच किळस आली. मी ड्रॉवर उघडला, बाटली आणली आणि बाईंच्या बॉनेटवर त्या पाण्यात ठेवली. स्टिकर मी आधी चिकटवलं, बाटली माझ्याकडे राहिली, काकांचा काही संबंध नाही, असं सगळं सांगून टाकलं.

सगळ्यात आधी सावरले ते साहेब. बघा, आमचं ग्राफीन नाही म्हणूनच पाणी पळालं नाही, म्हणजे ग्राफीन लागतंच, असं ते म्हणाले. दोन मिनिटांपूर्वीचं त्यांचं भाषण कुठे गेलं कोणास ठाऊक. अशी माणसं बाटलीत भरून विकली पाहिजेत, यांना काहीच चिकटत नाही.

बाईंनी बाटली उचलली, उजेडात धरली, सील बघितलं.

"मग वर्षभर चमकत होतं ते काय?"

काका स्वतःचं नाव घेणारच नव्हते.

"ते काका," मी म्हणाले.

बाईंनी काकांच्या हातांकडे पाहिलं. मग मालकांकडे वळल्या आणि वर्गात बोलावं तशा बोलल्या. गेल्या वर्षी या गाडीला जे जे केलं ते सगळं पुन्हा करायचं, याच हातांनी, आणि वर ही बाटलीही लावायची, तीही याच हातांनी. मालक चाचरत म्हणाले की पॉलिशचं दालन एक तारखेपासून बंद होतंय. त्यावर बाकावरच्या ज्या माणसाला मघाशी हसू आलं होतं, त्याने शांतपणे विचारलं, की मग माझ्या गाडीला तुम्ही नेमकं काय करणार आहात? बाकीच्या तिघांनीही माना वर केल्या. मालकांना हिशोब लवकर कळतो. दालन कुठेही जात नाही, तुम्ही चुकीचं ऐकलंत, असं त्यांनी सांगून टाकलं.

काकांनी दोन दिवस घेतले. मिशी पाहिली, गाडी पास केली आणि मग ती बाटली उघडली. इतक्या सावकाश लावली की सर्टिफिकेट दोनदा जांभई देऊन गेला. गाडी रात्रभर दालनात ठेवून सकाळी त्यांनी स्वतःच मगा आणला आणि बॉनेटवर पाणी ओतलं. थेंब गोल झाले आणि पळत सुटले. काकांनी आणखी ओतलं. पुन्हा पळाले. पाच-सहा वेळा तरी ओतलं असेल. मी दारातून बघतेय हे लक्षात आल्यावर मगा खाली ठेवला.

"पाणी छान पळतं गं," ते म्हणाले. "धुवायला सोपं जाईल बाईंना. कशाला खोटं बोलायचं?" मग बॉनेटवर वाकले. "मिशी मात्र काल होती तेवढीच दिसते."

ग्राफीनबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात खरं मत हेच. मालकांनी अर्थातच ते पोस्टरवर घेतलं नाही.

मला मालकांनी तासभर झापलं. स्टिकरं आता सर्टिफिकेटच्या ताब्यात आहेत. सोफा परत घेत नाहीत म्हणून तो आला, आणि ठेवायला जागा नसल्याने पॉलिशच्या दालनातच कोपऱ्यात आहे. दुपारी काका त्यावर बसून डबा खातात.

बाईंचं नवं कार्ड मी कंपनीच्या साइटवर भरत होते, तेव्हा 'काम कोणी केलं' हा रकाना आला. काकांचं नाव टाकलं तर लाल अक्षरं आली, ही व्यक्ती प्रमाणित नाही. तीनदा टाकलं, तीनदा लाल. मी वैतागून काकांना हाक मारली आणि आता काय करू म्हणून विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, फडक्याला हात पुसले.

"त्याचंच नाव टाक," ते म्हणाले. "बाईंना माहीत आहे ना, मग झालं."

मी सर्टिफिकेटचं नाव टाकलं. हिरवं झालं.