वारा निवळेपर्यंत

नेमबाजीच्या मैदानावर माझ्या लेकीची शेवटची गोळी उरली होती आणि त्याच गोळीवर राज्याच्या संघातील तिची निवड अवलंबून होती. तिने नेम धरला. मग गोळी न झाडताच रायफल खाली घेतली.

"घाबरली वाटतं," मी पुटपुटलो.

शेजारी बसलेले तिचे तरुण प्रशिक्षक हसले. "नाही हो काका, ती वारा दाखवणारे झेंडे बघतेय. गोळी नळीतून सुटली की लगेच खाली झुकू लागते, वारा तिला बाजूला रेटतो. वारा निवळेपर्यंत दम धरायचा."

गोळी सरळच जाते, असे मी मानत आलो होतो. आपले बोलणेही सरळ आहे, या समजुतीत मी घरच्यांना किती दुखावले असेन! ऐकणाऱ्याच्या मनातला वारा मी कधी पाहिलाच नाही. माझ्याच घरात वाढलेली ही मुलगी मात्र थांबायला शिकली होती.

झेंडे शांत झाले. गोळी सुटली.

ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "थोडक्यात हुकलं, बाबा."

उपदेश ओठांवर आला होता. तिचे भरलेले डोळे पाहून मी गप्प राहिलो. जरा वेळाने तीच म्हणाली, "चला, भूक लागलीय. पुढच्या वर्षी आहेच की!"