चालू पाह्यल्याशिवाय घेऊ नये

माझ्या धाकट्या दिरांचा सल्ला घेऊन एखाद्यानं काही विकत घेतलं आणि ती वस्तू त्याला वेळेवर मिळाली, असं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आजवर एकदाही घडलेलं नाही. वजन मात्र प्रत्येकाचं वाढलं आहे. कारण आमचे भाऊजी सल्ला देत नाहीत, सल्ल्याला घेऊन जातात. कुठे, तर ज्याच्याकडे ती वस्तू आधीपासून आहे त्याच्या घरी. तिथे ती वस्तू चालू करून पाहायची, घरच्यांना तिच्याबद्दल विचारायचं, आणि तेवढ्यात आतून ताटं येतातच. मग दुसऱ्याच्या घरी. भाऊजी मूळचे वरूडकडच्या शेतकरी घरातले, आणि त्यांच्या घरात बैल कधी बाजारात पाहून घेतला नाही, कोणाच्या तरी वावरात जुंपलेला पाहूनच घेतला. पंपसुद्धा दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी फेकताना पाहून घेतला. पुढे भाऊजी रेल्वेत लागले, बडनेऱ्याला स्थायिक झाले, नोकरी संपवून मोकळे झाले, पण तो नियम काही सुटला नाही. "चालू पाह्यल्याशिवाय घेऊ नये," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा आमच्या नात्यात कोणी नाही.

जाऊबाई तर सांगतात, त्यांना पाहायला आले तेव्हाही यांनी पोहे बाजूला ठेवून मुलगी पोळ्या करताना पाहू द्या असं म्हटलं होतं. जाऊबाई तेव्हापासूनच जाऊबाई. त्या म्हणाल्या, मग मुलगा पाणी शेंदताना पाहू द्या. आणि भाऊजी मुकाट्यानं पाहुण्यांच्या देखत त्यांच्या आडावर दोन घागरी शेंदून आले. ही सोयरीक कशी टिकली हे कोणी विचारत नाही, इतकी ती घट्ट आहे.

आमच्या घरी पहिला कूलर यायचा होता तेव्हाची गोष्ट ऐका. उन्हाळ्यात गर्दी असते, भाव चढतात, म्हणून भाऊजींनी यांना ऐन थंडीत कूलर पाहायला नेलं. घरमालक शाल पांघरून बसलेला. भाऊजींनी त्याला कूलर माळ्यावरून उतरवायला लावला, पाणी भरायला लावलं आणि यांना त्याच्यासमोर बसवलं. हवा कशी फेकते ते अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही म्हणे. आमचे हे आठवडाभर शिंकत होते. इन्व्हर्टरची तर कथाच वेगळी. इन्व्हर्टर चालू पाहायचा तर वीज जायला पाहिजे. म्हणून जिथे रोज हमखास वीज जाते अशा गावात, वरूडजवळच्या एका नातेवाइकांकडे, आम्ही सगळे जाऊन बसलो. त्या दिवशी वीज गेली नाही. सकाळ गेली, दुपार गेली, आम्ही संत्री खात बसून राहिलो, घरची माणसं ओशाळली, जणू त्यांनीच वीज दडवून ठेवली होती. शेवटी घरमालक म्हणाला, मेन स्विच पाडतो. भाऊजींनी मानच हलवली. पाडलेली लाइन आणि गेलेली लाइन यात त्यांच्या मते लय फरक असतो.

हे सगळं माहीत असून मी त्यांच्याकडे गेले, याला काय म्हणावं? पण माझाही नाइलाज होता. मी बरीच वर्षं इथे अमरावतीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. छापखाना बंद पडला आणि माझे हात रिकामे झाले. दुपारी जुनी वर्तमानपत्रं घेऊन त्यातल्या चुकांवर पेन्सिलीनं खुणा करायचे, इतकी त्या कामाची सवय. अशात नागपूरच्या एका प्रकाशकाचा फोन आला. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, घरी बसून, पण आता कागद नाही, सगळं लॅपटॉपवर. महिनाअखेर कामाला लागता येत असेल तर सांगा, नाहीतर दुसऱ्या बाई विचारून राहिल्यात. मी ताबडतोब हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाम पुसला, कारण घरात लॅपटॉप नव्हता आणि तो कसा घेतात हेही माहीत नव्हतं.

बंगळूरच्या लेकीला विचारलं. तिनं मोबाइलवर पाठवलेली माहिती वाचता वाचता माझा चष्मा बदलायची वेळ आली. इतकी रॅम, तितकी एसएसडी, अमुक पिढीचा प्रोसेसर. मी म्हटलं, बाई, मला मराठी टाइप करायचं आहे, पिढ्या मोजायच्या नाहीत. राजापेठेत एका दुकानात गेले तर तिथल्या पोरानं विचारलं, वापर काय? मी म्हटलं, रोजचा. त्यानं मला असा लॅपटॉप दाखवला की त्याच्या बटनांखाली लाल-निळे दिवे लागत होते. किंमत ऐकून मी दुकानातल्या खुर्चीवर बसून घेतलं. घरी आले तर हे म्हणाले, "धाकट्याले विचार न. त्याच्याएवढं कोनाले समजते?" थंडीतला कूलर विसरले होते वाटतं.

दुसऱ्याच दिवशी भाऊजी हजर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैनी, लॅपटॉप तं भेटन. पयले चालू पाहू."

पहिला लॅपटॉप बडनेऱ्यातच, त्यांच्या जुन्या सोबत्याकडे पाहिला. पाहिला म्हणजे त्याचं मखमली कव्हर पाहिलं. मुलीच्या शिक्षणासाठी घेतला होता, मुलगी सासरी गेली, तेव्हापासून तो कपाटात साड्यांच्या वर झोपलेला. चार्जर सापडेपर्यंत पाटोडीची रस्सा भाजी झाली, जेवण झालं, सोबत्याच्या पाठदुखीची चौकशी झाली, चार्जर काही सापडला नाही. दुसरा लॅपटॉप साईनगरातल्या एका मास्तरांचा. तो चालू झाला, पण झाल्या झाल्या त्यावर अपडेट होत असल्याची पाटी आली आणि एक गोल चकरी फिरायला लागली. आमच्या सांबारवड्या खाऊन झाल्या, चहा झाला, मास्तरांच्या आईनं माझ्या माहेरची मुळं खणून काढली, तरी चकरी फिरतच होती. भाऊजींचं मत मात्र चांगलं झालं. म्हणाले, बिचारा एकसारखं काम करून राह्यला, कुरकुर नाही.

त्यांची पाहण्याची तऱ्हाही ऐकून ठेवा, कधी उपयोगी पडली तर पडली. पडद्याकडे ते पाहतच नाहीत. लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावून ताप आलेल्या पोरासारखा तो किती तापला ते बघतात. झाकण दहादा उघडझाप करून बिजागरी ऐकतात. मालकाला काहीच विचारत नाहीत, घरातल्या बाईला विचारतात. लाइट गेल्यावर किती वेळ चालते? बटनं टाइप करताना रुततात का? बिघडला तेव्हा कोणाकडे नेला, किती दिवस ठेवून घेतला? आणि तुम्ही घरी कधी असता, हा प्रश्न हमखास. हा शेवटचा प्रश्न लॅपटॉपबद्दलचा कसा, हे मला काही कळलं नव्हतं, आणि विचारायचं त्राणही उरलं नव्हतं. रोज कोणाच्या तरी ओसरीवर बसायचं, परत परत आपलं काम समजावून सांगायचं, नको नको म्हणताना ताटात पडलेलं संपवायचं. रात्री पडल्यावर पोटही दुखे आणि पायही. इकडे महिना सरत चालला. नागपूरहून पुन्हा फोन आला, या वेळी आवाजात साखर कमी होती. मी म्हटलं, झालंच समजा.

मग निघाली अकोल्याची वारी. बडनेऱ्याहून पॅसेंजर, अकोल्याला उतरून ऑटो, मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून जुनं शहर, तिथल्या गल्लीत भाऊजींच्या एका दिवंगत मित्राचं घर. मित्राची सून अलका घरूनच टाइपिंगची कामं करते. हा पहिला लॅपटॉप, जो आम्ही गेलो तेव्हा खरोखर चालू होता. साधा, काळा, काहीसा जाडजूड. अलकानं मला खुर्चीवर बसवलं, मराठी टाइप करून पाहा म्हणाली. बटनं मऊ, अक्षरं मोठी. आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, एवढ्या कामाला याहून जास्त लागत नाही ताई, तिनं एका दमात सांगितलं. मला माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली होती. मी वर पाहिलं तर भाऊजी तिच्या सासूला, घरी कधी असता, हे विचारून राहिले होते.

परतीच्या गाडीत बसलो आणि मूर्तिजापूर यायच्या आधी भाऊजी म्हणाले, इथे उतरू, माझ्या साडभावाच्या शेजाऱ्याकडे एक चांगला लॅपटॉप आहे, तेवढा पाहून मागून येणाऱ्या गाडीनं जाऊ. बाहेर ऊन भाजून काढत होतं. माझ्या पोटात अलकाच्या सासूनं वाढलेली वांग्याची भाजी आणि रोडगे बसलेले होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "मले लॅपटॉप घ्याचा हाय. लेकीचं लगन नाही लावाचं. माह्यं काम चाल्लं हातचं, तुमाले दिसून नाही राह्यलं का?"

शेजारच्या बाकावरची माणसं आमच्याकडे पाहायला लागली. मूर्तिजापूर आलं, गेलं. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत बसले. बडनेऱ्याला उतरताना एवढंच म्हणाले, "अलकाकडचाच घ्या. अलका हाय न." दुसऱ्या दिवशी दुकानात आले, तळहात लावला, बिजागरी ऐकली, आणि दुकानदारानं मागवलेला चहा निवायच्या आत अलकाकडच्यासारखाच लॅपटॉप घेऊन आम्ही बाहेर. नागपूरचं काम मला मिळालं.

ते वर्ष बरं गेलं. सकाळचं आटोपलं की मी लॅपटॉप उघडून बसायचे, पहिली कमाई आली त्या दिवशी यांना गिलावडे आणून खाऊ घातले. भाऊजी मधल्या काळात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जाऊबाईंना घेऊन पुण्याला मुलाकडे गेले आणि मुलानं दोघांना तिथेच ठेवून घेतलं. आणि एके दिवशी, भूगोलाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी द्यायचं असताना, माझ्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला. लेक म्हणाली बंद करून चालू कर. केला. काळाच. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, सोमवारी पाहू. प्रकाशक म्हणाले, छपाई थांबवता येणार नाही, पाहा बुवा. मी डोक्याला हात लावून बसले, आणि काय आठवलं असेल तर त्या दिवशी गाडीत ऐकलेलं ते, अलका हाय न.

फोन केला. ती म्हणाली, या की ताई, मी घरीच असते या वेळी. मिळाली त्या गाडीनं अकोल्याला गेले. अलकानं आपलं काम बाजूला सारलं, खुर्ची मला दिली. फाइल मेलवर होतीच. तोच लॅपटॉप, तीच बटनं, माझ्या बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. भूगोल संध्याकाळपर्यंत रवाना झाला. मग सासूबाईंनी ताट वाढलं, आणि या वेळी मी नको म्हटलं नाही. जेवता जेवता मला एकेक आठवत गेलं. बडनेऱ्याचं कपाट, साईनगरची चकरी, दर घरी विचारलेलं ते, तुम्ही घरी कधी असता. भाऊजी माझ्यासाठी लॅपटॉप पाहत नव्हतेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर सासूबाईंना वाटलं ठेचा तिखट झाला.

घरी येऊन पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भाऊजी एकदम खूश. म्हणाले, "पायलं? मी म्हनलंच होतं न, मॉडेल लय चांगला हाय." जे मॉडेल ऐन वेळी मेलं होतं, त्याचंच कौतुक. मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. माणसाला आपण केलेलं चांगलं कुठलं ते माहीत असायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

हल्ली आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो. गुडघा बरा आहे, आवाज मात्र बसल्यासारखा वाटतो. परवा सांगत होते, मुलानं मोबाइलवरच वॉशिंग मशीन मागवलं, दुसऱ्या दिवशी दारात. कोणाकडे गेला नाही, कोणाला विचारलं नाही. मग भाऊजींनीच लिफ्टमधल्या एका गृहस्थाला विचारलं, तुमचं मशीन कसं चालते, पाहायला येऊ का? तो हसला आणि आपल्या मजल्यावर उतरून गेला. "इथं कोनी कोनाचं पायतच नाही वैनी," ते म्हणाले.

"माह्या लॅपटॉपचं काही खरं नाही भाऊजी," मी म्हटलं. "दुसरा घ्या लागते वाटते." माझा लॅपटॉप दुरुस्त होऊन आल्यापासून गुण्यागोविंदानं चालतो आहे. त्या वेळीही समोर चालूच होता.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि जाऊबाईंना बॅग कुठे आहे ते विचारल्याचा.

"दुकानात जाऊ नका बरं," भाऊजी म्हणाले. "मी येतो. पयले कोनाकडं जाचं, तेवढं ठरवून ठेवा."