माडाला न दिलेला चहा

आमच्या पावसचा आत्माराम बागवाला तसा वाईट माणूस नव्हे, पण चहाच्या बाबतीत शिंचा कोणाचा सगा नाही. चहा मनासारखा नसला की उठायचं, घरापुढच्या खळ्यात जायचं आणि यजमानाच्या देखत कप माडाच्या बुडाशी ओतायचा. माझ्या साखरपुड्यातही ओतला. माझे सासरे अजून विचारतात, तो कोण होता म्हणून.

स्वतःच्या पोरालाही त्याने सोडलं नाही. दोन हजार चारच्या गणपतीत सलिल, त्याचा एकुलता एक, मुंबईहून आलेला. आरतीच्या मंडळींना हौसेने स्वतः चहा केलान. बापाने घोट घेतला, माड गाठला आणि वर म्हणाला, "या हाताला मुंबईच बरी." सलिल दुसऱ्या दिवशी गेला तो पुढच्या गणपतीला आलाच नाही. कोकणातला मुलगा गणपतीला घरी येत नाही म्हणजे काय, ते आम्हांलाच ठाऊक. त्याची आई, उमावहिनी, मोदक वळताना रडायची. आत्माराम आरतीत ओळी चुकत होता, पण पोराला फोन करील तर शपथ.

त्याच्या पुढच्या वर्षी सलिल आला. हातात चकचकीत डबा. मुंबईतल्या कुठल्याशा मॉलमध्ये चहाचं दुकान आहे, तिथला. माटे म्हणून कसला परदेशी पाला, त्याला संत्र्याचा नि चॉकलेटचा वास लावलेला.

"बाबा, तुमच्यासाठी," म्हणाला. नजर मात्र बापाच्या हाताकडे.

नुसत्या गरम पाण्यात भिजवायचा, असं त्याने आईला बजावलं होतं. पण घरात गणपती असताना कच्चा चहा माणसांपुढे ठेवील ती उमावहिनी कसली? तिने मूठभर पाला, आलं, गूळ आणि म्हशीचं दूध घालून तो चांगला खळखळून उकळला.

रंग शेणकाल्याचा. वर फुटलेल्या दुधाच्या गुठळ्या. ओलं गवत जाळून त्यावर संत्र्याच्या गोळ्या टाकाव्यात तसा वास. मी घोट घेतला आणि पोटातले मोदक गळ्याशी आले. आधी कडू, मग गोड, मग परत कडू, आणि घशाला काहीतरी बुळबुळीत चिकटून बसलेलं. खोकल्याचं निमित्त करून मी दगडी गडग्यापलीकडे थुंकलो. आज सांगतानाही ओकारी येतेय.

आत्मारामाने घोट घेतला. कपाळावरची शीर ताठ झाली. कप घेऊन तो उठला नि खळ्यात उतरला. उमावहिनीने दाराची चौकट धरली. हा आता ओतणार आणि पोरगं सकाळच्या गाडीने जाणार, ते कायमचं, हे आम्हां दोघांनाही दिसत होतं.

माडापाशी तो नुसता उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मग मान मागे टाकलीन आणि सगळा कप घशाखाली घातलान, गुठळ्यांसकट. परत येऊन बसला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बरा आहे," म्हणाला.

सलिलला खरं वाटेना. त्याने आपला कप तोंडाला लावला आणि तिथेच थुंकला. "शी! बाबा, हे प्यायलात कसं?"

"विचारू नकोस." आत्माराम पंच्याने जीभ पुसत होता. "ऊठ, चूळ भर. नि आता साधा चहा टाक."

"आई टाकेल की."

"आई नको. तू टाक. गवती चहा मागल्या दारी आहे, तिथेच."

सलिल आत गेला. आत्मारामाने पाट उचलला आणि माडाकडे पाठ करून बसला.