तिसरा चौकोन

आजवर हे कोणाजवळ बोललो नाही. घरच्या मंडळींजवळही नाही — आणि आमच्या मंडळींना मी डब्यातली भाकरी कोणत्या कुत्र्याला घातली तेसुद्धा कळतं, तेव्हा ही गोष्ट इतकी वर्षं कशी टिकली याचं मलाच नवल वाटतं. तुम्हाला सांगतो. गेल्या महिन्यात एका लग्नात जुने विद्यार्थी भेटले. आता त्यांचेही केस पिकलेत. पंगतीत बसल्याबसल्या त्यांनी माझ्या चौकोनांचं कौतुक सुरू केलं — गुरुजींनी आम्हाला विचार करायला शिकवलं, आणि काय काय. मी बुंदी खात होतो. ती पानातच ठेवून हात धुवायला उठलो.

चौकोन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर माझा पराक्रम तुम्हाला कळायचा नाही.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेच्या भिंतीवर नकाशा मात्र जुनाच, त्यात आपण अजून भलत्याच प्रांतात. जानेफळच्या अलीकडे एका खेड्यात मी तिसरीला होतो. म्हणजे शिकवायला. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं माझ्याकडे. ट्रेनिंगला असताना आमच्या एका शिक्षकांनी प्रमाणं समजावून दिली होती — माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशी कळते, त्याचं शास्त्र. ते माझ्या डोक्यात असं बसलं की मी ते सरळ तिसरीच्या पोरांपुढे मांडलं. थोरले गुरुजी म्हणाले, "अरे, याईले अजून नाक पुसता येत नाही, अन् तू याईले तत्त्वज्ञान शिकवून राह्यला!" पण पोरांना ते आवडलं हो. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. पहिला पाहिलेलं, दुसरा ताडलेलं, तिसरा ऐकलेलं. दर शनिवारी पोरांनी एकेक वाक्य बोलायचं आणि ते कोणत्या चौकोनात जातं ते स्वतःच सांगायचं. "आमची म्हैस व्याली" — पाहिलेलं. "गुरुजीच्या घरी आज भरीत हाय" — ताडलेलं, कारण बोळातून वांगं भाजल्याचा वास आला. "दिल्ली नावाचं गाव हाय" — ऐकलेलं. दिल्लीला तिसऱ्या चौकोनात बसवताना पोरांना काय आनंद व्हायचा!

आता तिसरीचा भूगोल म्हणजे आपल्या जिल्ह्याचा भूगोल. आणि आपल्या जिल्ह्याचा भूगोल म्हटलं की लोणारचं सरोवर आलंच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोरानं विचारलं, "गुरुजी, तुमी पाह्यलं काय हो?"

मी संग्रामपूरकडचा. सातपुड्याच्या पायथ्याचा. लोणार पुस्तकात पाहिलं होतं, तेवढंच. पण बेचाळीस पोरं तोंडाकडे बघतायत, आणि मास्तरानं नाही म्हणायचं? मी "हो" म्हटलं. एकदा "हो" म्हटल्यावर पुढचं ओघानं आलं — खाली उतरलो, पाणी चाखलं, थू थू, नुसतं खारं! चहूकडे गोड्या पाण्याचा थेंब नाही. तहानेनं जीव जायची वेळ आली, तेव्हा एका गुराख्यानं आपल्या भोपळ्यातलं पाणी पाजलं. पोरांना तो गुराखी फार आवडला. दुसऱ्या वर्षी मी त्याला दाढी दिली. तिसऱ्या वर्षी ती पांढरी झाली. आणि ‘लोणारला गोडं पाणी नाही’ हे वाक्य दरवर्षी मी स्वतःच्या हातानं पहिल्या चौकोनात लिहीत गेलो.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. थापा कोण मारत नाही?

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर वच्छला वर्गात आली. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं मोजकं. वडील सोसायटीच्या गोदामावर चौकीदार म्हणून आले होते. कुठून आले, हे मी विचारलंच नव्हतं. मुलं आपल्या गावची माहिती सांगतात, हेही नागरिकशास्त्रच की — पण विचारलं नव्हतं. शनिवारी ते ठरलेलं वाक्य फळ्यावर लिहून मी भोपळ्यापर्यंत पोहोचलो आणि ती उभी राहिली.

"गुरुजी, तिथं धार हाय ना. गोड पाण्याची. आमी तिथूनच पाणी आणत होतो."

"तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. म्या पाह्यलं. रोज पेलं."

आणि ती सरळ फळ्याशी आली, माझ्या हातातला खडू घेतला, आणि माझ्या वाक्याच्या खाली, त्याच चौकोनात, लिहिलं — लोणारला गोड पाण्याची धार आहे. एकाच चौकोनात दोन उलटी वाक्यं! अहो, असा क्षण मिळावा म्हणून तर मी चौकोन काढत होतो. आता कसं शोधायचं, कोणाचं खरं धरायचं — केवढा धडा समोर चालून आला होता! मी फक्त तीन शब्द बोलायचे होते. मी पाहिलेलं नाही. ते सोडून मी काय केलं असेल?

मी मतदान घेतलं.

हसा, हसा. मलाही हसू येतं. गावात नुकतीच पंचायतीची निवडणूक झाली होती आणि मी लोकशाहीचा पाठ अगदी रंगवून शिकवला होता. म्हटलं, "गुरुजीचं खरं वाटते त्यानं हात वर करा." भराभर हात वर. तिच्या शेजारी बसणाऱ्या कुसुमचा हात अर्ध्यावर अडकला होता. मी डोळे वटारले, तोही गेला. मग वच्छलाच्या बाजूनं कोण? तिनं स्वतःचा एक हात वर केला, आणि खाली केला नाही. मी तिचं वाक्य पुसून तिसऱ्या चौकोनात लिहिलं. ऐकलेलं. पाण्याची चव मतांनी ठरवणारा मास्तर अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही — अजून यायची आहे.

माघात थोरल्या गुरुजींनी सहल काढली. लोणारलाच! मला ताप येईना, पोट दुखेना. एसटीतून उतरलो आणि पायऱ्यांच्या अलीकडेच पाण्याचा आवाज आला. धार — मनगटाएवढी जाड, बायका घागरी भरतायत, आणि तिच्या खालचा दगड झिजून झिजून वाटीसारखा झालेला. पोरं तुटून पडली. "गुरुजी, हे तं गोड हाय!" कुसुम ओरडली. वच्छला प्यायली नाही. बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. कसं सांगू — जिंकल्याचं काही नव्हतं हो त्या बघण्यात. वाट पाहत होती नुसती. आता गुरुजी म्हणतील.

मी म्हटलं, "नवीन फुटलेली दिसते. मी आलो तवा नव्हती."

पोरांना पटलं. का पटणार नाही? गुरुजी म्हणाले होते. घागर भरणारी एक म्हातारी माझ्याकडे वळून बघत राहिली. मी घाईघाईनं पोरांना सरोवर दाखवायला नेलं. सरोवर सुरेख आहे, खरंच. तुम्ही जरूर पाहा.

सोमवारी वर्गात सांगितलं, सहलीत काय कळलं ते पाटीवर लिहा आणि पुढे चौकोनाचं नाव टाका. वच्छलाची पाटी मला आजही अक्षर न् अक्षर पाठ आहे. ‘धार गोड आहे — पाहिलेलं. धारेखालचा दगड झिजला आहे — पाहिलेलं. धार नवीन आहे — ऐकलेलं.’ आणि शेवटी, ‘ताडलेलं’ असं लिहून तिनं पुढची जागा कोरी सोडली होती.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं उत्तर मला कोणी दिलं नाही. माझी अब्रू राखून, मला न दुखवता, तिनं प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथं ठेवली होती. तिला कळलं होतं. मी शिकवलं होतं ते सगळंच्या सगळं तिला कळलं होतं! छाती भरून यायला हवी होती की नाही? मी ओलं फडकं घेतलं, ‘ऐकलेलं’ पुसलं आणि तिथं ‘पाहिलेलं’ लिहिलं. ‘ताडलेलं’ही पुसलं. म्हटलं, "गुरुजीनं पाह्यलं म्हणजे पाह्यलंच. समजलं?" आणि दहापैकी दहा गुण दिले.

ती "हाव" म्हणाली. पाटी घेऊन जागेवर गेली.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम सोपा प्रश्न केला. काही नाही, जरा मन राखावं म्हणून. खिडकीच्या कठड्यावर पुढचे पाय टेकून एक बकरी वर्गात डोकावत होती, पोरं खिदळत होती. मी म्हटलं, "वच्छला, खिडकीत काय आहे?"

"बकरी हाय."

"कोणत्या चौकोनात टाकायची?"

तिनं बकरीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुमी म्हणान त्यात, गुरुजी."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. फळ्याकडे वळलो आणि पहिल्या चौकोनात ‘बकरी’ लिहिलं. वर्षअखेर तिच्या वडिलांची बदली झाली, पुढे तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही. पण तोवरच्या एकाही शनिवारी ती फळ्याशी आली नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही. पाहिलेलं आहे.