अकोल्याइतकं नैरोबी

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पाचव्या हिवाळ्यात, माहेरपण आटोपून, मी बडनेरा स्टेशनवरून दुसऱ्यांदा आफ्रिकेला निघाले. या वेळी मुंबईहून पुढचा प्रवास विमानाचा होता.

पहिल्यांदा निघाले ती लग्नानंतर. पतीची नोकरी नैरोबीला, रेल्वेच्या कारखान्यात. वरूडचे आमचे घर संत्र्याच्या बागेचे. मुलगी सासरी निघाली की बाबा विहिरीजवळच्या झाडाच्या डोळकाड्या, म्हणजे कलमासाठीच्या काड्या, तिच्यासोबत देत. सासरी जंबेरीचे, म्हणजे ज्यावर संत्र्याचे कलम करतात त्या रानलिंबाचे, रोप तयार असे. काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्यावर भरायचा. माझ्या थोरल्या ताईच्या काड्या बैलबंडीतून अकोल्याला गेल्या. वाटेत दोन मुक्काम झाले, पण डोळे जगले. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, तिच्या परसात त्या झाडाला फळे येत होती.

माझ्या काड्या बोटीत मेल्या. मोंबासाला ओले फडके सोडले तेव्हा त्या काळ्या पडल्या होत्या. नैरोबीत लावलेली जंबेरी तशीच वाढत राहिली. घरी कळल्यावर बाबा काकांवर ओरडले होते, "डोळा सुकन एवढ्या दूर पोरगी देते काय कोनी?" ते स्थळ काकांनी आणले होते.

मुंबई ते नैरोबी सरळ रेषेत अठ्ठावीसशे मैलांच्या आसपास. अंतर तेच होते, वेळ बदलला होता. दुसऱ्या निरोपाच्या दिवशी फलाटावर बाबांनी विचारले,

"बोटीनं तीन हप्ते लागले होते. आता किती मुक्काम?"

"एक गाडीत, एक विमानात."

"म्हंजे दोनच?" ते काकांकडे वळले. "अबे, हे त अकोलंच झालं!"

"मंग मले शिव्या कावून देल्या इतके वर्स?" काका म्हणाले.

"त्या वापस नाही भेटत," बाबा म्हणाले. मग केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळलेले डोळकाड्यांचे पुडके माझ्या हाती दिले. "मांडीवर ठेव, माय. ऊन नको लागू देऊ."

विमान कराची आणि एडनला थांबले. एडनला उन्हामुळे मी पुडक्यावर पदर धरला. नैरोबीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते उघडायला लावले. कीड आहे का पाहिले, काड्या औषधात बुडवल्या आणि परत दिल्या. त्या हिरव्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी जुन्या जंबेरीच्या बियांपासून वाढवलेल्या तीन रोपांवर डोळे भरले. दोन गेले. तिसऱ्याला महिन्याभरात कोंब आला. त्या दिवसापासून त्या अंगणाला मी पत्रात "सासर" लिहिले नाही, "घर" लिहिले.

पुढे काही वर्षांनी झाडाने फळ धरले. पहिल्या बहारातली मोजकीच संत्री ओळखीच्या प्रवाशाबरोबर विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने बडनेऱ्याला गेली. बाबा स्वतः स्टेशनवर आले होते, असे मला पत्रातून कळले. काका सोबत होते. बाबांनी फलाटावरच एक सोलले आणि अर्धे काकांना दिले.