तहसीनचा जुना एसी

नाताळ जवळ आला की रास अल खैमातली माणसं एसी बंद करून खिडक्या उघडतात. वर्षातले हे थोडेच महिने आम्हाला खरी हवा मिळते आणि ती कुणी सोडत नाही. म्हणून शेजारच्या भिंतीतून रोज संध्याकाळी एसीची खडखड यायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. आमच्या बिल्डिंगमधले एसी म्हणजे भिंतीत बसवलेली जुनी खोकी. चालू झाली की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी भिंत थरथरते. विली, माझा नवरा, म्हणाला, "मिल्ड्रेड, एसी त्यांचा, बिल त्यांचं. तुला काय?" मला काय ते मला माहीत होतं. मी चपला सरकवल्या आणि शेजारी गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत तहसीन स्टुलावर उभी. अंगावर शाल, पायात मोजे, आणि हातातला मोबाइल एसीच्या तोंडाशी धरलेला. मला बघून तिने मान हलवली, म्हणजे बोलू नका. मी खालून मान उंचावून बघितलं. मोबाइलमध्ये एक पाळणा हलत होता आणि पाळण्यात मुनिबा, तिची पाच महिन्यांची मुलगी, डोळे मिटत होती. पाळणा होता दापोलीजवळच्या त्यांच्या गावात.

भांडण माझ्या तोंडातच राहिलं.

मूल तिकडे कसं गेलं ते सांगते. तहसीन दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते आणि तिचा नवरा रिझवान टाइल्सच्या फॅक्टरीत शिफ्ट करतो. मुनिबा जन्मली ऐन जुलैत. बाहेर पाऊल टाकलं की तोंड भाजतं असे दिवस. पोर जन्मापासून त्या एसीखालीच वाढली. वारा, ऊन, मातीचा वास, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. सासू, खैरुन्निसाआपा, बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर आलेल्या. तहसीनची रजा संपली, मग आपांचा व्हिसा संपत आला, नर्सरी परवडेना. "मी घेऊन जाते, चालायला लागली की या न्यायला," आपा म्हणाल्या आणि कुणी नाही म्हटलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये हे नवीन नाही. दर वर्षी एकदोन बाळं अशी गावी जातात आणि आईबाप सुटीत जाऊन त्यांची ओळख करून घेतात. मला या प्रकाराचा संताप येतो आणि मी तो लपवत नाही. पण नुसत्या संतापाने कुणाचं मूल सांभाळलं जात नाही, हेही खरं.

नोव्हेंबरात, एसी अजून सगळीकडे चालू असताना, शारजा एअरपोर्टवर विलीच्या गाडीतून आम्हीच सगळ्यांना नेलं. तहसीनने बाळ आपांच्या हातात दिलं, दुधाची बाटली कुठल्या कप्प्यात आहे ते सांगितलं आणि नुसती उभी राहिली. रिझवान हुंदके देत होता. ही कोरडी ठणठणीत. परत येताना म्हणाली, "आंटी, भूक लागली. शवरमा घेऊ या?" घेतला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मी पुढच्या सीटवर तोंड फिरवून बसले होते. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "आंटी, मला काहीच वाटत नाहीये. वाटायला हवं ना?"

मी विलीला रेडिओ लावायला सांगितला.

गावी मुनिबाने घर डोक्यावर घेतलं. पाळण्यात निजेना, खांद्यावर निजेना. आपांनी दृष्ट काढली, मौलवींकडून फुंकर घालून आणली. सगळे म्हणाले, आईची आठवण येते हिला. म्हणून व्हिडिओ कॉल लावला. तहसीनचा आवाज ऐकून पोर आणखीच किंचाळली. बोलून दमली तशी तहसीन गप्प झाली आणि मागे एसीची खडखड तेवढी उरली. मुनिबा एकदम शांत. कान देऊन ऐकत राहिली, मग झोपली.

"तिला माझी नाही, एसीची आठवण येत होती," हे तहसीनने मला स्टुलावरून उतरता उतरता सांगितलं. बाजारभाव सांगावा तशा आवाजात.

तेव्हापासून तो नेमच झाला. सहाला दवाखाना सुटला की ती घरी यायची, शाल गुंडाळायची, एसी लावायची. आमचे सात वाजले की गावी साडेआठ, मुनिबाची झोपायची वेळ. रिझवान थंडीने कुडकुडत फॅक्टरीच्या जॅकेटमध्ये जेवायचा. तिला ना सणाची हौस राहिली होती, ना कपड्यालत्त्याची. दवाखान्यात म्हणे ती तितक्याच गोड आवाजात अपॉइंटमेंट द्यायची. घरी आली की मात्र दिवा मालवल्यासारखी. मी केक दिला, खाल्ला. रागावले, ऐकून घेतलं. एकाच गोष्टीबद्दल ती आपणहून बोलायची. "आंटी, हल्ली लगेच झोपते. मी फोन धरेपर्यंत डोळे मिटलेलेच असतात, बघा." ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा.

फेब्रुवारीत नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, दारोदार सांगत आला की मालक उन्हाळ्याआधी सगळे एसी बदलणार. नवीन स्प्लिट, आवाजच नाही. बिल्डिंगमध्ये सण झाला. या नवीन एसीसाठी मीच तीन वर्षं त्या नातूरचं डोकं खाल्लं होतं. त्याने मला बघून सलाम ठोकला, "मॅडम, आपका काम हो गया."

शनिवारी सकाळी मेकॅनिक आले. सुरुवात तहसीनच्या घरापासून. पाच मिनिटांत आरडाओरडा ऐकू आला. मी धावले तर तहसीन, जिचा आवाज दाराबाहेर कधी गेला नाही ती तहसीन, एसीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी.

"नहीं निकालना! मैंने बोला ना, नहीं निकालना!"

"मॅडम, नया मिलेगा, फ्री में," मेकॅनिक समजावत होता.

"मुझे नहीं चाहिए नया!"

नाइट शिफ्ट करून आलेला रिझवान डोळे चोळत म्हणाला, "तहसीन, यल्ला, चल, बाजूला हो ना. लोक खोळंबलेत."

"आणि मुनिबा कशी झोपेल? तिला काय देऊ मी इथून?" ती त्याच्यावर ओरडली. मग तिनेच फोन उचलला आणि स्पीकरवर सासूला लावला. "अम्मी, तुम्हीच सांगा ह्यांना. हा एसी गेला तर ती झोपेल का? सांगा!"

फोनमधून आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग आपा हळू बोलल्या, "काढू दे बेटा. तिला आता नाही लागत तो आवाज."

"म्हणजे?"

"झाला महिना. पाळण्यात घातली की झोपते. झोपली की मग मी तुझा फोन घेते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"रोज एवढ्या मायेने लावायचीस. काय सांगणार तुला?"

तहसीनने फोन ठेवला. हात खाली घेतले आणि बाजूला झाली. "निकालो भैया," म्हणाली. त्यांनी ते खोकं उपसून काढलं, भिंतीत एवढं मोठं भोक पडलं आणि त्यातून खालच्या पोरांच्या खेळण्याचा आवाज आत आला. ती ते भोक बघत बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला फार वाईट वाटत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी सातला आमची बेल वाजली. दारात तहसीन, शाल घेऊन.

"आंटी, जरा बसू? आमच्याकडे फार शांत आहे."

आमच्या घराची पाळी दुसऱ्या दिवशी होती, जुनं खोकं अजून जागेवर होतं. मी एसी लावला. ती सोफ्यावर बसली, मग कलंडली आणि बघता बघता झोपली. मेल्यासारखी झोपली. मी पांघरूण घालायला गेले तर माझा विन्स्टन अभ्यासाच्या टेबलावरून कुजबुजला, "मॉम, डोन्ट वेक हर. लेट हर स्लीप." झोपेची गरज हिलाच आहे हे सोळा वर्षांच्या घोड्याला कळलं, मला इतके दिवस कळलं नव्हतं. विली स्वेटर घालून आला, तक्रार न करता.

दीडेक तासाने ती उठली. कुठे आहोत हे तिला आधी कळेना. मग छातीवर बाळ चाचपावं तसा हात फिरवून इकडेतिकडे बघितलं आणि रडायलाच लागली. एअरपोर्टवरचं, स्टुलावरचं, सगळं आत्ता बाहेर आलं.

"आंटी, मला माझं बाळ हवंय."

"मग जा आणि घेऊन ये," मी म्हटलं.

"आणि दिवसभर कोण..."

"दिवसभर मी बघते तिला. आधी तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक नवीन एसीचं खोकं घेऊन आमच्या दारात आले. मागे नातूर, हसतमुख. मी दार अर्धंच उघडलं.

"खलास. हमको नहीं चाहिए. पुराना ही रहने दो."

नातूरचं तोंड उघडंच राहिलं. तीन वर्षं मी त्याचा जीव खाल्ला होता बिचाऱ्याचा. "क्यों मॅडम?"

"घर में बेबी आ रहा है. उसकी माँ को इसी की आदत है."

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग आत बनियनवर पेपर वाचत बसलेल्या विलीकडे बघितलं. "बेबी?"

"हां, बेबी. इन्शाल्ला," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.