चौदा काड्या

मी आज जो काही आहे तो शालिनीआक्का किल्लेदार यांच्यामुळे. हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी म्हटलं आहे. मुलाखतीत म्हटलं, आमच्या कॉलेजनं सत्काराला बोलावलं तेव्हा माईकवरही म्हटलं. ते खोटं नाही. तरी दर वेळी ते म्हणताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. का, ते इथं सांगायचं आहे.

आक्का व्हिडिओ गेम बनवायच्या. बेळगावात, टिळकवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. गिरणी चालू झाली की आमची टेबलं थरथरायची. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, आणि कंपनीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. नवा खेळ तयार झाला की आक्का कुणाला तरी बोलवायच्या. कधी गिरणीत दळण घेऊन आलेली बाई, कधी पोस्टमन. त्याच्या हातात फोन द्यायच्या, शेजारी शेगडीवर अर्धा लिटर दूध ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खेळा. दूध तेवढं बघा." दुधाकडे लक्ष गेलं, गॅस वेळेत बंद झाला, तर खेळ पास, आणि त्या दुधाचा सगळ्यांना चहा. दूध उतू गेलं तर खेळ नापास. मग ज्यानं तो लिहिला त्यानं शेगडी घासायची आणि त्या दिवशी कुणालाच चहा नाही.

मी निपाणीहून बीसीएची फाईल घेऊन नोकरी मागायला गेलो, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फाईल न उघडता त्यांनी माझ्या हातात फोन दिला. मी खेळता खेळता उठलो, गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो. घरी आई विड्या वळत बसलेली असायची आणि चुलीवरचं बघायचं काम माझं, त्यामुळे ती सवयच होती. आक्का हसल्या. "दोन गोष्टी एकदम बघतोस की रं. ये उद्यापासनं."

आक्का बेंगळुरूला मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होत्या. ते सोडून त्या बेळगावला परत आल्या होत्या. वडील वकील, घर जुनं नाव असलेलं. नातेवाइकांना त्यांचा हा उद्योग पोरखेळ वाटे. "पोरखेळच हाय," आक्का म्हणायच्या, "फक्त तो नीट केला पायजे."

त्यांचा धंद्याचा विचार एका वाक्यात मावायचा: "माणूस दमायच्या आधी खेळ दमला पायजे." 'सुगरण' नावाचा आमचा खेळ त्याच विचारातून निघाला होता. त्यात एक पाखरू घरटं विणतं. दिवसाला चौदा काड्या. वाऱ्याचा अंदाज घेऊन एकेक काडी गुंफायची. चौदावी लागली की पडद्यावर संध्याकाळ होते, पाखरू पंखात चोच घालून झोपतं. मग कितीही बोट मारा, उठत नाही. उद्याच या. दीड महिन्यात घरटं पुरं होतं आणि खेळ संपतो, कायमचा. जाहिराती नाहीत, पुढची पातळी विकत घ्या म्हणणं नाही. एकदा विकत घ्यायचा, झालं. खेळात एकही अक्षर नव्हतं. "आमच्या भागात कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावरनं पाट्या फुटतात," आक्का म्हणायच्या. "माझं पाखरू अडाणी हाय तेच बरं."

महिन्यातून एका रविवारी आम्ही निपाणीला जायचो, माझ्याच गल्लीत. तिथल्या विडी वळणाऱ्या बारा बायका आमच्या खेळाच्या परीक्षक. आक्कांनीच त्यांना शोधलं होतं. "दिवसभर हातानं बारीक काम करणाऱ्या बाया. ह्यांच्या हाताला जे पटंल ते जगाला पटंल." बायका मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसलेल्या असायच्या. पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड अखंड चालू. आक्का मला शिकवायच्या, "हात बघ, तोंड बघू नको. तोंड आपल्याला बरं वाटावं म्हणून हसतंय." दूध शेवंतामावशीच्या चुलीवर ठेवायचं, हे ठरलेलं. मावशी आमच्या शेजारची, आईची जिवाची मैत्रीण. घरटं नर बांधतो हे आक्कांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बया! बापय घर बांधतोय आणि बाई नुसती बघतीया? हे पाखरू आमच्या गल्लीतलं न्हवं!" सगळ्या सुपांतली पानं हलेपर्यंत बायका हसल्या होत्या.

मला चारचौघांत बोलता यायचं नाही. इंग्रजीत तर नाहीच. बाहेरचे लोक आले की आक्का मुद्दाम म्हणायच्या, "आधी आमचा दत्ता सांगंल." मी अडखळायचो, त्या खिडकीबाहेर बघत शांत बसायच्या, मदतीला यायच्या नाहीत. वर्षभरात मी बोलायला लागलो. ज्या तोंडानं पुढे मी खोटं बोललो, ते तोंड त्यांनीच उघडलं होतं.

तिसऱ्या वर्षी बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. 'सुगरण' त्यांना फार आवडला होता. फक्त पाखराला झोपवू नका म्हणाले.

"मॅडम, माणूस खेळायला तयार आहे आणि तुम्ही त्याला थांबवताय. असा धंदा कुणी करतं का?"

"मी माणसाला कुठं थांबवतो? पाखराला झोप येत्या, त्याला मी काय करू?"

"आणि घरटं पूर्ण झाल्यावर?"

"झाल्यावर काय, झालं. तुम्ही घर बांधून झाल्यावर परत पाडून बांधता काय?"

साहेब हसले, चहा प्यायले आणि गेले. चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. पाखरू जागं राहील अशी एक आवृत्ती करून बघ, लोक किती वेळ खेळतात ते आम्हाला दाखव, तुझ्यासाठी इथं जागा आहे. त्या दिवसांत आमची कंपनी ओढाताणीत होती, दोघं सोडून गेले होते. मी मनाला सांगितलं, आकडे बघून आक्कांचं मत बदलेल, मी हे त्यांच्यासाठीच करतोय. पण बेंगळुरूची ती जागा मला हवी होती, हे त्याहून खरं.

कोडमधली झोपेची ओळ काढून, घरटं पुरं झालं की लगेच नवं सुरू होईल असं करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. रविवारी मी एकटाच निपाणीला गेलो. "आक्कांचा नवा खेळ आलाय," म्हणालो. आक्कांचं नाव ऐकल्यावर बायकांनी फोन पुढे केले. त्या दिवशी मी दूध ठेवलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

आकडे विलक्षण आले. एकेक बाई दिवसाला तीन-तीन तास. मी ते रोज बेंगळुरूला पाठवत होतो. आई फोनवर म्हणाली, "गल्ली कशी गप झाल्या रं आमची. कोण कुणासंगं बोलंना." मी ते हसण्यावारी नेलं.

तीन आठवड्यांनी शेवंतामावशीच्या चुलीवरची आमटी आटली, भांडं लाल झालं, जवळच्या फडक्यानं पेट घेतला. मावशीची मान वर झाली ती धुरानं. घाबरून तिनं उघड्या हातानं भांडं ओढलं. उजवा तळवा आणि दोन बोटं भाजली. विडी वळायचा हात.

मी धावत निपाणीला गेलो आणि बाराही फोनमधून तो खेळ काढून टाकला. बायका विचारत होत्या, पाखरू आता झोपत का नाही? आणि मी म्हणालो, "आक्कांनी खेळ बदललाय. त्यांच्याकडनं चूक झाल्या. मी त्यांना सांगतो." विचार करून म्हणालो असं नाही. अगदी सहज तोंडातून गेलं.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी त्या बारा फोनांच्या महिन्याच्या नोंदी बघितल्या. "निपाणीत पाखरं जागी कशी रं?" चुकीची आवृत्ती गेली, असं मी सांगितलं. शेवंतामावशीचंही सांगावं लागलं. त्या उठल्या, चप्पल घातली आणि निपाणीची बस धरली. मला ये म्हणाल्या नाहीत.

तिथं काय झालं ते मला आईनं फोनवर सांगितलं, मोठ्या अभिमानानं. "तुझी ती आक्का आलती. शेवंताला दवाखान्यात घिऊन गेली, मग घरोघर फिरली. चूक माझी झाली, माझी झाली, म्हणत हुती. आमच्या दारात आली तवा म्या सोडलो न्हाय. म्हटलो, माझं पोरगं हुतं म्हणून वाचलो. तुम्ही शिकलेल्या बाया, आमच्या हातापायावर का उठलाय? सगळ्या बायांदेखत म्हटलो. उंबऱ्याच्या आत घेतलो न्हाय. पाणीसुदिक विचारलो न्हाय."

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणंल? खाली मान घालून हुबी हुती. तुझा पोरगा हुशार हाय म्हणाली, आणि गेली."

एवढं ऐकूनही मी आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का नेहमीच्या वेळेला आल्या. टेबलावर पिशवी ठेवली आणि एकच विचारलं, "तू दूध ठेवलंतास?"

"नाही."

"हं," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. माझ्या त्या दोन अक्षरांत त्यांना सगळं कळलं हे मला कळलं. दूध न ठेवणं चुकून होत नाही.

महिन्याभरात मला बेंगळुरूचं पत्र आलं. निघायच्या दिवशी आक्कांनी दूध तापवलं, स्वतः गॅसपाशी उभ्या राहिल्या, चहा केला. कप हातात देत म्हणाल्या, "तिथं दूध बघायला कोण नसतंय, दत्ता. आपलं आपण बघायचं." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

याला पाच वर्षं झाली. माझं काम आता हेच आहे, माणसानं खेळ बंद करू नये अशी व्यवस्था लावणं. त्यात मी चांगला समजला जातो. 'सुगरण' अजून विकत मिळतो. माझ्या फोनमध्ये तो आहे, घरटं पुरं होऊन संपला की मी परत विकत घेतो. चौदा काड्या झाल्या की पाखरू झोपतं आणि मी त्याच्याकडे बघत राहतो.

यंदा गणपतीला घरी गेलो होतो. चुलतभावाची नवी बायको आली होती. शेवंतामावशी मोदकाची पारी वळत होती, आखडलेली दोन बोटं बाजूला धरून. आई नव्या सुनेला सांगायला लागली, कशी एक बेळगावची बाई होती, कसा तिच्या खेळानं हात जळला, आणि आमच्या दत्तूनं कशी गल्ली वाचवली. मावशीनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला ते सहन झालं नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं.

 मावशीनं हातातली पारी खाली ठेवली. आई म्हणाली, "तवा ती बाई माझ्या दारात तुझ्यासाठी मान खाली घालून हुबी हुती, व्हय रं?"

बेंगळुरूला परतल्यावर मी आक्कांना पत्र लिहिलं. ते असं:

आक्का,

खेळ मी बदलला होता, तुम्ही नाही. हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी आता सांगितलं आहे, बाराही घरी जाऊन. पाच वर्षं उशीर केला. दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे, ते बरोबरच आहे. शेवंतामावशीनं माझं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

तुम्ही त्या दिवशी माझं नाव का सांगितलं नाही, हे मला विचारायचं होतं. आता विचारत नाही. माझ्या आईला माझ्याविषयी जे वाटत होतं, ते तुम्हाला तिच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं, असं मला वाटतं. ते शेवटी मलाच काढून घ्यावं लागलं.

येत्या रविवारी आई आणि शेवंतामावशी तुमच्याकडे येतील. मी यावं की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर त्यांना बसमध्ये बसवून देईन आणि निपाणीच्या स्टँडवरच थांबेन. आई मात्र येणारच आहे, तुम्ही घरी नसलात तर दारात बसून राहते म्हणाली. तिनं तुम्हाला एकच निरोप कळवायला सांगितला आहे. ती आली की तिला पाणी विचारू नका.

तुमचा,
दत्ता